‘वहिनी, फक्त सही करा’

भाकरी टाकून झाल्या असतील तर बसा, नसतील तर तव्यापाशीच रेडिओ ठेवा. आज आम्ही एक कागद घेऊन बसलोय. चार पानांचा आहे, सगळा मराठीत आहे. तरी आमच्या गटातल्या बारा जणींना तो पहिल्या वाचनात कळला नाही, आणि त्यातल्या तिघी बारावी झालेल्या आहेत.

कागद आमच्या गटातल्या एका ताईंचा. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच बोलतोय. चार वर्षांपूर्वी त्यांच्या चुलत दिरांनी गोठ्यासाठी एका पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढलं. कागद घरीच घेऊन आले. ताई चुलीपुढं होत्या. “वहिनी, फक्त सही करा, साक्षीदार पाहिजे एक,” असं म्हणाले. ताईंनी पिठाचे हात पुसले आणि बोट दाखवलं तिथं तिथं तीन सह्या केल्या. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या नावानं नोटीस आली. थकबाकी एक लाख चौदा हजार. ताईंच्या नावापुढं शब्द होता ‘जामीनदार’.

नोटीस घेऊन बैठकीला आल्या तेव्हा ताई एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, “अगं, मला त्यातला एक रुपया मिळाला नाही, मग मी कशी देणं लागते?” आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेलो. तिथल्या वकीलताईंपुढं चार वेळा बसून तो कागद शब्दाशब्दानं लावला. त्यांनी सांगितलं, आम्ही वहीत उतरवलं. आज ती वही उघडतोय.

पहिल्याच ओळीपासून सुरुवात करू. कागदाच्या वरच्या भागात ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ अशी दोन नावं असतात. आम्हाला वाटायचं, ज्यानं कागद लिहिला तो लिहून देणार. तसं नाही. जो वचन देतो, बांधला जातो, तो लिहून देणार. ज्याच्या हातात ते वचन पडतं, तो लिहून घेणार. कर्जाच्या कागदात पतसंस्था लिहून घेणार आणि कर्जदार लिहून देणार. आपलं नाव यातल्या कुठल्या जागी आहे, एवढं पाहिलं तरी अर्धा कागद कळतो. ताईंचं नाव लिहून देणाराच्या खाली होतं, दोन नंबरवर. साक्षीदारांच्या जागा शेवटच्या पानावर तळाशी होत्या आणि तिथं भलत्याच दोघांच्या सह्या होत्या.

साक्षीदार म्हणजे काय? ‘माझ्या डोळ्यांदेखत या माणसानं सही केली’ एवढंच सांगणारा. पैसे बुडाले तर साक्षीदाराला कुणी पैसे मागत नाही, फार तर कोर्टात बोलावून ‘सही तुमच्यासमोर झाली का’ असं विचारतात. जामीनदाराचं तसं नसतं. ‘यानं नाही दिलं तर मी देईन’ असं लिहून देणारा तो जामीनदार. काही कागदांत त्याला हमीदार म्हणतात. अर्थ तोच.

आता ताईंच्या प्रश्नाकडं येऊ. त्यासाठी आधी करार म्हणजे काय ते पाहावं लागेल.

आपल्याकडं करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. जोतीरावांचा सत्यशोधक समाज निघाला त्याच्या एक वर्ष आधीचा. इतका जुना असूनही आपल्या रोजच्या व्यवहाराला तोच लागू आहे. तो म्हणतो, एकानं देऊ केलं, दुसऱ्यानं मान्य केलं, दोघं सज्ञान आहेत, दोघांची संमती मोकळी आहे, गोष्ट कायद्यात बसणारी आहे आणि त्यात मोबदला आहे, म्हणजे करार झाला. पहिल्या गोष्टीला प्रस्ताव म्हणतात, दुसरीला स्वीकृती. रतीबवाली सकाळी दारात येते, तुम्ही तांब्या पुढं करता, ती एक लिटर घालते आणि महिन्याच्या शेवटी तुम्ही पैसे देता. कुणी काही लिहिलेलं नसतं, पण करार झालेला असतो. मैत्रिणींनो, हे पक्कं लक्षात ठेवा: तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. आमच्या गटाकडं एका हॉटेलवाल्यानं फोनवरून चाळीस किलो पापडांची ऑर्डर दिली आणि माल तयार झाल्यावर ‘मी कधी सांगितलं?’ म्हणाला. तेव्हापासून फोन ठेवला की लगेच आम्ही व्हॉट्सअॅपवर टाकतो: ‘तुमची ऑर्डर चाळीस किलो, भाव अमुक, तारीख अमुक, बरोबर ना?’ त्यानं ‘हो’ लिहिलं की आमच्याकडं पुरावा झाला.

आता मोबदला. हा शब्द ऐकला की आपल्याला पैसेच आठवतात. कायद्यात मोबदला म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेली, केलेली किंवा कबूल केलेली कुठलीही गोष्ट. मग ते धान्य असेल, मजुरी असेल, किंवा एखादी गोष्ट न करण्याचं कबूल करणंही असेल. मोबदला नसेल तर करार साधारणपणे चालत नाही. म्हणजे ताईंचं म्हणणं वरवर बरोबरच होतं. त्यांना काहीच मिळालं नव्हतं, मग मोबदला कुठं आहे?

इथंच आम्ही सगळ्या अडलो होतो. वकीलताईंनी कायद्याचं कलम १२७ वाचून दाखवलं. त्याचा अर्थ असा: मूळ कर्जदाराच्या फायद्यासाठी जे काही दिलं किंवा केलं, तेवढा मोबदला जामीनदाराला पुरेसा आहे. पतसंस्थेनं दिरांना दोन लाख दिले, तोच ताईंच्या जामिनाचा मोबदला. जामीनदाराच्या हातात पैसा यावाच लागत नाही. ताई त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प होत्या.

पुढचं कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. आपल्याला वाटतं, आधी कर्जदाराची म्हैस, मोटारसायकल, जमीन सगळं संपवतील आणि मग आपल्याकडं येतील. तसा नियम नाही. सुप्रीम कोर्टानं १९६८ साली बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की बँकेनं आधी कर्जदाराच्या मागं लागावं असा हट्ट जामीनदाराला धरता येत नाही. ज्याच्याकडून लवकर वसूल होईल त्याच्याकडं जातात. ज्यांच्या अंगावर दागिना आहे, पगार आहे, नावावर दोन गुंठे आहेत, त्या आधी सापडतात.

याच्याच जोडीला एक शब्दप्रयोग येतो, तो तुमच्या गटाच्या कागदांवरही असेल: ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’. कानाला तो साधा वाटतो. त्याचा अर्थ, सगळ्या मिळून जबाबदार आणि प्रत्येक जण एकटीही पूर्ण रकमेला जबाबदार. दहा जणींवर एक लाखाचं कर्ज असेल तर आपला वाटा दहा हजार, एवढं भरलं की सुटलो, असं या शब्दांनंतर म्हणता येत नाही. बचत गट बँकेचं कर्ज घेतो तेव्हा सगळ्या सदस्यांचा आपसातला करारनामा बँक घेते. त्यात पदाधिकाऱ्यांना कोणते अधिकार दिलेत आणि कर्जाची जबाबदारी कशी वाटली आहे, हे लिहिलेलं असतं. त्यावर आपल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. किती गटांनी तो वाचलाय? आम्ही तरी वाचला नव्हता. आता वाचला, एका बैठकीत मोठ्यानं, आणि एका सदस्यानं मध्येच गट सोडला तर तिच्या कर्जाचं काय, यावर त्या दिवशी पहिल्यांदा भांडलो. ते भांडण कर्जाआधी झालं असतं तर बरं झालं असतं.

आता संमती. ताईंची मुलगी म्हणाली, “आईला खोटं सांगून सही घेतली, मग तो कागद रद्दच झाला की!” बरोबर आहे का? थोडं आहे. संमती मोकळी पाहिजे, म्हणजे धाक, गैरवाजवी दबाव, फसवणूक, दिशाभूल यांपैकी काही नको. गैरवाजवी दबाव हा शब्द नीट ऐका. ज्याच्या शब्दाबाहेर आपण जाऊ शकत नाही असा माणूस त्या जोरावर आपल्याकडून अन्यायाचं काही लिहून घेतो, तो हा दबाव. हात उगारायची गरज नसते.

अशा कागदांच्या बाबतीत कायदा दोन शब्द वापरतो. एक ‘शून्य’ आणि दुसरा ‘रद्द करता येण्याजोगा’. शून्य म्हणजे कायद्याच्या नजरेत तो करार नाहीच. अज्ञान मुलानं केलेला करार असा. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षं पूर्ण न झालेला. तुमच्या सातबाऱ्यावर कधी ‘अ. पा. क.’ असं दिसलं असेल, ते ‘अज्ञान पालनकर्ता’, त्यातलाच हा शब्द. कलकत्त्यात एका अज्ञान मुलानं मालमत्ता गहाण टाकून सावकाराकडून पैसे घेतले होते. तो खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ साली निकाल लागला की अज्ञानाचा करार मुळातच शून्य. आजही कोर्टं तोच धरून चालतात. त्यामुळं सतरा वर्षांच्या पोराला कर्जाच्या कागदावर उभं करू नका, आणि कुणी केलं असेल तर गप्प बसू नका.

रद्द करता येण्याजोगा म्हणजे कागद चालू आहे, पण ज्याची फसवणूक झाली त्याला तो रद्द करून मागता येतो. मागायला लागतं, मैत्रिणींनो. दबावानं किंवा फसवून घेतलेला कागद या दुसऱ्या प्रकारात येतो. आपोआप काही फाटत नाही, आणि फसवणूक झाली हे साधारणपणे आपल्यालाच दाखवावं लागतं. न वाचता सही केली, एवढं कारण पुरत नाही. सही म्हणजे ‘वाचलं, मान्य आहे’ असंच धरतात. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, तिच्याकडून कागद करून घेणाऱ्यानं ‘तिला समजावून सांगितलं होतं’ हे दाखवलं पाहिजे, अशी भूमिका कोर्टांनी पूर्वीपासून घेतलेली आहे. पण ताई सातवी शिकलेल्या, सही मराठीत झोकदार करतात. तो आधार त्यांना नव्हता.

आणि जामिनाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. कलम १४२ सांगतं की पैसे देणाऱ्यानं, म्हणजे इथं पतसंस्थेनं, स्वतः दिशाभूल करून किंवा तिच्या माहितीनं आणि संमतीनं दिशाभूल होऊन जामीन घेतला असेल तर तो जामीन चालत नाही. ताईंना खोटं सांगितलं कुणी? दिरांनी. पतसंस्थेच्या कारकुनाला हे माहीत होतं का? वकीलताईंनी हा प्रश्न तीन वेळा विचारला. कारकून त्या दिवशी घरी नव्हताच. म्हणजे संस्थेनं जामीनदाराचं तोंडही न पाहता सही घेतली, हा गलथानपणा झाला, पण ‘तुमच्या माहितीनं मला फसवलं’ असं सिद्ध करणं अवघड झालं. सही संस्थेच्या टेबलावर, साहेबासमोर झाली असती आणि तिथं कुणी ‘साक्षीदार म्हणून करा’ म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून कागद घरी आला तर घरी सही करू नका, कार्यालयात जा. तिथं मोठ्यानं विचारा, “मी यात कोण आहे?” आणि चारचौघांत उत्तर घ्या.

पुढं काय झालं तेही सांगतो. सहकारी पतसंस्था वसुलीसाठी बहुतेक वेळा दिवाणी दावा लावत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयाकडं वसुलीचा दाखला मागते. दाखला मिळाला की जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली होते. शेजारच्या एका मावशींनी सल्ला दिला होता, “नोटीस घेऊच नको, घेतली नाही की लागू होत नाही.” हे साफ चुकीचं आहे. नोटीस नाकारली तर ती मिळाली असंच धरतात आणि आपल्या पाठीमागं निकाल होतो. आम्ही सुनावणीला ताईंबरोबर पाच जणी गेलो. ताईंनी लेखी म्हणणं दिलं, खात्याचा उतारा मागितला. उताऱ्यात दिरांनी भरलेले अकरा हजार जमाच धरलेले नव्हते, ते कमी झाले. बाकी दाखला निघालाच, दिरांच्या आणि ताईंच्या, दोघांच्या नावानं.

दिरांनी उसाचं बिल आल्यावर काही भरलं. उरलेले बेचाळीस हजार ताईंनी भरले, कानातले मोडून. वाईट वाटतं सांगायला. पण तो भरणा करताना वकीलताईंनी एक गोष्ट करायला लावली: पावतीवर ‘जामीनदार या नात्याने भरणा’ असं लिहून घ्या. कारण कायद्यानुसार जामीनदारानं कर्ज फेडलं की पैसे देणाऱ्याचे हक्क त्याच्याकडं येतात. कर्जदाराकडून ती रक्कम परत मागायचा अधिकार मिळतो, आणि संस्थेकडं काही तारण ठेवलेलं असेल तर त्यावरही हक्क सांगता येतो. दोन जामीनदार असतील आणि एकीनंच सगळं भरलं, तर दुसरीकडून निम्मं मागता येतं. पावती नसेल तर हे सगळं बोलण्यातच राहतं.

तारण शब्द आला म्हणून तेवढं सांगून पुढं जातो. सोनं संस्थेच्या तिजोरीत ठेवलं, तो झाला सोनेतारण. गाय किंवा ट्रॅक्टर आपल्याच दारात राहतो पण त्याच्यावर बँकेचा बोजा असतो, ते नजरगहाण. हप्ते चालू असताना अशी गाय बँकेला न विचारता बाजारात विकली तर भानगड होते.

बॉन्डबद्दल दोन समजुती आहेत, दोन्ही मोडू. ‘बॉन्डवर लिहिलंय म्हणजे पक्कं’ आणि ‘साध्या कागदावर आहे, काही होत नाही’. बॉन्ड म्हणजे मुद्रांक, सरकारला भरलेला कर. त्यानं खोटा करार खरा होत नाही. साध्या कागदावरचा करारही करारच असतो. फक्त ज्याला मुद्रांक लागतो तो त्याशिवाय असेल तर शुल्क आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट त्याला पुरावा म्हणून हात लावत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणीही नव्हे. शंभर रुपयांवरच्या जमिनीची किंवा घराची विक्री दुय्यम निबंधकाकडं नोंदवल्याशिवाय होत नाही. नोटरी करून गुंठा घेतलेल्या किती जणी आपल्यात आहेत, आम्हाला माहीत आहे.

आणि कोरा चेक. ‘सिक्युरिटीसाठी’ म्हणून सही करून कोरा चेक देतात. कायद्यानं तो भरायची मुभा ज्याच्या हातात चेक आहे त्याला मिळते. सुप्रीम कोर्टानं २०१९ साली सांगितलंय की स्वखुशीनं सही करून दिलेला चेक कोरा होता, एवढ्यानं सुटका नाही. तो देणं फेडायला दिला असंच धरायचं, उलट असेल तर सही करणाऱ्यानं दाखवायचं. चेक परत गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोऱ्या चेकवर सही म्हणजे रकमेचा आकडा दुसऱ्याच्या हातात देणं.

दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ सालचे नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेल्या अशा कर्जाला तारण घेता येत नाही. कागद तुम्हाला समजेल त्या भाषेत पाहिजे. व्याज, इतर शुल्क, एकूण किती भरायचं, हे सगळं एका साध्या तक्त्यात लिहून दिलं पाहिजे. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्याचा दंड घेता येत नाही. तो तक्ता मागा. ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर सहीसुद्धा नंतर.

मालाच्या करारात एक दंडाचं कलम येतं, ‘उशीर झाल्यास निम्मी रक्कम कापली जाईल’ असं काहीतरी. ते वाचून घाबरून जाऊ नका. कायद्यात कलम ७४ आहे. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. पण भांडायला कोर्टापर्यंत जावं लागतं, त्यापेक्षा सही करायच्या आधीच तो आकडा कमी करून घेतलेला बरा. आम्ही पापडांच्या करारात पन्नास टक्क्यांचे पाच टक्के करून घेतले. मागितलं आणि मिळालं, व्यापाऱ्यानं फारशी घासाघीसही केली नाही.

ताईंचं राहिलं. गटातल्या दोघी आणि गावातले एक जुने गुरुजी मध्ये बसले. दिरांनी बेचाळीस हजार महिना तीन हजारांप्रमाणं परत करायचं कबूल केलं. त्याचा कागद केला. लिहून देणार दीर, लिहून घेणार ताई. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, हप्त्याची तारीख दर महिन्याची दहा, चुकला तर काय ते, सगळं त्यात आहे. आम्ही दोघी साक्षीदार म्हणून सह्या करायच्या आधी ताईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायला लावला. आतापर्यंत चार हप्ते आले. एक उशिरा आला, बावीस तारखेला.

तुमच्याकडं असा कागद असेल तर मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स काढून ठेवा. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यानं तो हक्क दिलाय. १५१०० हा त्यांचा फोन. पुढच्या मंगळवारी विसार पावती घेऊन येतोय, ज्यांच्याकडं जुन्या पावत्या आहेत त्यांनी त्या शोधून ठेवा.